एकच गोळी, दोन माणसे : ॲलर्जीची गोळी पोटात गेल्यावर तिचे नेमके काय होते?

वेदगंगेकाठचा (शुक्रवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. निपाणीजवळच्या आमच्या गावात घराला लागूनच जुनी वखार आहे. मागच्या आठवड्यात तंबाखूची बोदे हलवताना अशी धूळ उठली की मला ओळीने वीस-पंचवीस शिंका आल्या आणि ओसरीवर बसलेल्या आईच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले. आईचे वय ७४, माझे ४६. रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी एकाच पट्टीतली सेटिरिझिन १० मिलिग्रॅमची एकेक गोळी घेतली. मी नेहमीप्रमाणे साडेपाचला उठून डेअरीला दूध घालून आलो. आई मात्र नऊपर्यंत उठलीच नाही, आणि उठल्यावरही भिंतीला हात लावून चालत होती. दुपारी ती हट्टाने भाकरीला बसली, तेव्हा काठवटीत पिठाचा हात तसाच ठेवून तिला डुलकी लागली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला म्हणून मी आत गेलो.

गोळी एक, मात्रा एक, वेळ एक, मग परिणाम इतका वेगळा का? गोळी पोटात विरघळल्यावर कुठे जाते, तिला कोण मोडते आणि ती बाहेर कधी पडते, हे कोणी जाणकाराने सांगावे. शेजारचे अण्णा म्हणतात की या गोळ्यांनी लिव्हर खलास होते. मेहुणा म्हणतो की रिकाम्या पोटी घेतली तरच ती लागू पडते. मला दोघांचेही पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी माहितीही नाही.


कुंदा_प्रेमी (शुक्रवार, रात्री ९.३२)

माझ्या माहितीप्रमाणे चिमूटभर कुंदा खाल्ल्याने सर्व प्रकारची ग्लानी उतरते, परंतु या उपचाराला आमच्या घराबाहेर मान्यता नाही. जाणकारांची वाट पाहत आहे.


अक्का_चिकोडी (शुक्रवार, रात्री ९.५०)

मी पंधरा वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. माझा पहिला प्रश्न साधा आहे : त्या संध्याकाळी आईंनी दुसरे काही औषध घेतले होते का? वयस्कर माणसे “गोळी घेतली नाही” असे म्हणतात तेव्हा त्यांना अनेकदा “तुझ्यासमोर घेतली नाही” असे म्हणायचे असते.


वेदगंगेकाठचा (शुक्रवार, रात्री १०.०५)

अक्का, विचारले. रक्तदाबाची सकाळची गोळी सोडल्यास काही नाही, असे ती ठामपणे म्हणते.


खल_बत्ता (शनिवार, सकाळी ७.१५)

मी बेळगावात बरीच वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकवले, आता निवृत्त आहे. प्रश्न चांगला आहे आणि उत्तर लांब आहे, म्हणून चहा घेऊन बसावे.

गोळी जठरात फुटते व विरघळते, पण तिचे खरे शोषण लहान आतड्यात होते. आतड्याच्या भिंतीतून औषध रक्तात उतरते, मात्र ते रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. आतड्यांतले सगळे रक्त एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात नेले जाते आणि तिथून पुढे अंगभर फिरते. म्हणजे तोंडाने घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक औषधाला पहिल्याच फेरीत यकृताचा नाका लागतो. निपाणीच्या माणसाला महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका समजावून सांगण्याची गरज नाही. कोरोनाच्या दिवसांत तिथे कागद दाखवल्याशिवाय पुढे सोडत नव्हते, तसे यकृतातली विकरे (एन्झाइम) येणाऱ्या प्रत्येक रेणूची झडती घेतात. त्यांतली मोठी फौज सायटोक्रोम पी-४५० (थोडक्यात सीवायपी) या कुळातली असते.

आता गंमत अशी की आपण ज्यांना सरसकट “ॲलर्जीची गोळी” म्हणतो त्या सगळ्या या नाक्यावर सारख्या वागत नाहीत. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत असते ते जुने क्लोरफेनिरामिन घ्या. त्याचा बराच भाग पहिल्याच फेरीत मोडला जातो आणि निम्म्याहून कमी औषध मूळ रूपात रक्ताभिसरणात पोचते. लोरॅटाडिन नाक्यावर थांबते, तिथे सीवायपी ३ए४ आणि सीवायपी २डी६ ही विकरे त्याचे डेसलोरॅटाडिन करतात, आणि हा नवा रेणू मूळ रेणूपेक्षा अधिक प्रभावी असतो. आपल्याकडच्या गुऱ्हाळाच्या भाषेत सांगायचे तर लोरॅटाडिन ही काकवी आणि डेसलोरॅटाडिन हा गूळ. काकवीचे अर्धायुष्य सुमारे ८ तास, तर गुळाचे सुमारे २७ तास. त्यामुळे ती गोळी दिवसातून एकदा पुरते.

सेटिरिझिनचे मात्र यकृताशी फारसे देणेघेणे नाही. ते झपाट्याने शोषले जाते, साधारण तासाभरात रक्तातली त्याची पातळी शिखराला पोचते, त्यातले ९३ टक्के रक्तातल्या प्रथिनांना चिकटून फिरते आणि मोकळे राहिलेले थोडेसेच काम करते. शेवटी त्याचा मोठा भाग न मोडता, जसाच्या तसा, मूत्रपिंडांतून लघवीवाटे बाहेर पडतो. थोडक्यात, तुमच्या गोळीचे शरीरात “विघटन” फारसे होतच नाही, तिची रवानगी होते. म्हणून शेजारच्या अण्णांना सांगा की या विशिष्ट गोळीपुरता संशय चुकीच्या अवयवावर आहे. यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी हे खरेच, पण आईंच्या बाबतीत मला आधी मूत्रपिंडांविषयी विचारावेसे वाटते.


संकेश्वरी_मिरची (शनिवार, सकाळी ८.४०)

खल_बत्ता सर, नाक्याचे उदाहरण आमच्या धंद्यातले आहे म्हणून माझाही अनुभव लिहितो. मी महामार्गावर मालवाहू गाडी चालवतो. दोन वर्षांपूर्वी हुबळीहून परतताना नाक गळत होते म्हणून रस्त्याकडेच्या एका टपरीवरून सर्दीची सुटी गोळी घेतली. टपरीवाल्याने प्रामाणिकपणे सांगितले होते, “निद्दी बर्तैती, नोड्री” (झोप येते, बघा). मी हसून सोडून दिले. हत्तरगी टोलच्या रांगेत गाडी उभी असताना माझा डोळा लागला. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते आणि मला ते लग्नाच्या वरातीतल्या बँडसारखे दूरवर ऐकू येत होते. गाडी उभी होती म्हणून आज हे लिहितो आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोके जड होते. सेटिरिझिन घेतल्यावर मला असे कधी झाले नाही. हा फरक कशाने पडतो?


खल_बत्ता (शनिवार, सकाळी ९.३०)

मेंदूच्या दारावरच्या पहारेकऱ्याने. हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत शरीरच सोडते आणि या गोळ्या अडवतात ते रसायन, म्हटले की आपल्याला शिंका आणि खाज आठवते, पण मेंदूत हेच हिस्टामिन माणसाला जागे ठेवण्याचे काम करते. जुन्या पिढीतले रेणू लहान आणि स्निग्धप्रिय असल्याने मेंदू व रक्त यांच्यामधला पडदा सहज ओलांडतात आणि तिथल्या हिस्टामिनचेही तोंड बंद करतात. नव्या पिढीतल्या गोळ्यांना तो पडदा ओलांडणे अवघड जाते, आणि जे काही आत शिरते त्यातले पुष्कळसे पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंपासारखे प्रथिन परत रक्तात लोटते. फेक्सोफेनाडिन जवळजवळ पूर्ण बाहेर राहते. सेटिरिझिन मधल्या पायरीवर आहे, म्हणून काहींना त्याने झोप येते आणि काहींना येत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या जडपणाचे कारण अर्धायुष्यात आहे. प्रौढांत क्लोरफेनिरामिनचे अर्धायुष्य साधारण २० तासांच्या घरात असते आणि माणसागणिक त्यात मोठा फरक पडतो. रात्री घेतलेल्या औषधाचा निम्म्याहून अधिक हिस्सा दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्यासोबत स्टिअरिंगवर बसलेला असतो. झोप आली नाही असे वाटले तरी प्रतिक्रिया मंदावलेल्या असू शकतात, म्हणून तुम्हा चालक मंडळींनी सर्दीच्या मिश्र गोळ्यांपासून दूरच राहावे.


जांबोटीचा_पाऊस (शनिवार, सकाळी १०.१०)

अर्धायुष्य हा शब्द ऐकला की गणित सोडून पळालेला विद्यार्थी जागा होतो. अर्धे म्हणजे नेमके कशाचे, आणि मग पूर्ण आयुष्य किती?


खल_बत्ता (शनिवार, सकाळी १०.३५)

पूर्ण आयुष्य कागदावर कधीच संपत नाही, हीच त्यातली मेख आहे. सेटिरिझिनचे अर्धायुष्य सुमारे ८ तास धरा. शरीरात १० मिलिग्रॅम पोचले असे मानले तर ८ तासांनी ५ उरते, १६ तासांनी अडीच, २४ तासांनी सव्वा. पाच अर्धायुष्ये, म्हणजे ४० तास उलटल्यावर जेमतेम ३ टक्के राहते आणि व्यवहारात आपण ते संपले असे धरतो. रोज एक गोळी घेतली तरी शरीरात ढीग साचत नाही. थोड्याच दिवसांत येणारे आणि जाणारे समान होते.

आता हेच गणित वयस्कर माणसासाठी करा. वयोवृद्धांत सेटिरिझिनचे अर्धायुष्य साधारण दीडपट होते आणि मूत्रपिंडे मध्यम प्रमाणात मंदावली असतील तर ते सुमारे तिप्पट होऊ शकते. ८ तासांचे २४ तास झाले तर दुसऱ्या दिवशी रात्री नऊलाही निम्मी गोळी अंगात असते. लहान मुलांत उलट असते. त्यांच्यात औषध लवकर बाहेर पडते, तरीही मात्रा वय-वजन पाहून डॉक्टरच ठरवतात. मोठ्यांची गोळी अंदाजाने मोडून मुलांना देऊ नये.


तात्या_नंदगड (शनिवार, दुपारी १२.२०)

मी या धाग्याशी असहमत आहे, सर्वांशी नव्हे, पण त्यातल्या सुराशी. आमच्या पिढीला धुळीने शिंका आल्या तर डोक्याला फडके बांधून सुगी उरकत असू. आता शिंक आली की गोळी, खाज आली की गोळी, आणि मग त्या गोळीचे अर्धायुष्य मोजत बसायचे. भरपूर पाणी प्यावे आणि घाम गाळावा, म्हणजे असली रसायने आपोआप निघून जातात, असे मला वाटते.


अक्का_चिकोडी (शनिवार, दुपारी १२.४५)

तात्या, फडके बांधण्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. वखारीत किंवा मळणीला नाकातोंडावर नीट बसणारा मास्क बांधला तर अर्ध्या गोळ्या वाचतील. परंतु घामाचा मुद्दा बरोबर नाही. घामावाटे ही औषधे हिशेबात धरण्याइतकी बाहेर पडत नाहीत. तहानेपुरते पाणी जरूर प्यावे, पण तांब्यामागून तांब्या रिचवल्याने मंदावलेले मूत्रपिंड तरुण होत नाही. कडक कॉफीही औषध लवकर घालवत नाही, ती फक्त झोपेला थोडा वेळ दाबून ठेवते.


शहापूरची_सून (शनिवार, दुपारी ३.०५)

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, आणि त्यात दोष औषधाचा की भाषेचा हे मला अजून ठरवता आलेले नाही. आमच्या सासूबाईंच्या अंगावर वर्षातून तीन-चार वेळा पित्त उठते, म्हणजे गांधी येतात आणि खाजेने जीव नकोसा होतो. डॉक्टरांनी त्यांना फेक्सोफेनाडिन १८० मिलिग्रॅम दिली होती. चार दिवस झाले तरी उतार पडेना. गोळी बदलून मागायला निघाले तेव्हा मला उलगडा झाला. “पित्त” झाले आहे म्हणून त्या गोळीपाठोपाठ जळजळीवर घेतात ते गुलाबी पातळ औषध दोन झाकणे पीत होत्या. शिवाय घशाखाली गोळी उतरावी म्हणून डब्यातला संत्र्याचा रस घेत होत्या. त्यांचे म्हणणे, पित्तावर पित्ताचेच औषध घ्यायला नको का? दोन्ही बंद करून गोळी साध्या पाण्याबरोबर सुरू केली आणि दुसऱ्याच दिवशी गांधी बसल्या. हा योगायोग असू शकतो का?


खल_बत्ता (शनिवार, दुपारी ४.००)

ताई, आजार आपला आपणही ओसरत असतो, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही, पण तुमचा संशय शास्त्राला धरून आहे.

फेक्सोफेनाडिन आतड्याच्या भिंतीतून स्वतःच्या बळावर नीट जाऊ शकत नाही. त्याला आत घेण्यासाठी ओएटीपी नावाची वाहक प्रथिने लागतात, स्टेशनावरच्या हमालांसारखी. ग्रेपफ्रूट, संत्रे आणि सफरचंद यांच्या रसातले घटक या हमालांनाच अडवून धरतात आणि बराच माल फलाटावरच पडून राहतो. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेले आम्लपित्ताचे पातळ औषध पंधरा मिनिटांच्या अंतराने घेतले असता फेक्सोफेनाडिनचे एकूण शोषण सुमारे ४१ टक्क्यांनी घटल्याचे मोजले गेले आहे. म्हणून ही गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि असे पातळ औषध लागलेच तर दोहोंमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे. फेक्सोफेनाडिनच्या घेतलेल्या मात्रेपैकी यकृतात फक्त ५ टक्क्यांच्या आसपास मोडते, तर सुमारे ८० टक्के शौचावाटे व ११ टक्के लघवीवाटे जाते. म्हणजे एकाच दुकानातल्या दोन “ॲलर्जीच्या गोळ्या”, पण सेटिरिझिनची वाट मूत्रपिंडाकडे आणि हिची आतड्याकडे.


तात्या_नंदगड (शनिवार, सायंकाळी ५.३०)

घामाचा मुद्दा मी मागे घेतो. परंतु शहापूरच्या ताईंनी भाषेला दोष देऊ नये. मराठीने त्वचेवरच्या गांधींना आणि पोटातल्या जळजळीला एकच नाव दिले, यामागे काही निरीक्षण असेल असे मला वाटते. सरांनी खुलासा करावा.


खल_बत्ता (शनिवार, सायंकाळी ६.१०)

तात्या, या वेळी मी तुमच्या बाजूने थोडा झुकतो. नाव देणाऱ्यांना हिस्टामिन ठाऊक असण्याचे कारण नाही, पण योगायोग सुंदर आहे. त्वचेवर गांधी उठवणारे हिस्टामिन एच-१ नावाच्या ग्राहकांवर (पेशींवरच्या रिसेप्टरांवर) काम करते आणि जठरात आम्ल स्रवण्यासाठी तेच हिस्टामिन एच-२ ग्राहकांवर काम करते. रेणू एकच, कुलपे दोन. सेटिरिझिन आणि फेक्सोफेनाडिन पहिल्या कुलपाच्या किल्ल्या, तर फॅमोटिडिनसारखी आम्लाची औषधे दुसऱ्याच्या. हिस्टामिनला रोखणारी पहिली रसायने १९३७ मध्ये डॅनिएल बोव्हे आणि ॲन-मेरी स्टौब यांनी पॅरिसमध्ये शोधली, बोव्हे यांना १९५७ चे नोबेल मिळाले, आणि पोटातल्या कुलपाची किल्ली घडवणारे जेम्स ब्लॅक यांना १९८८ चे. ताईंच्या सासूबाईंच्या गुलाबी औषधाचा मात्र या दोन्ही कुलपांशी संबंध नाही. ते तयार झालेले आम्ल फक्त मारते.


कुंदा_प्रेमी (शनिवार, सायंकाळी ६.४०)

म्हणजे सासूबाईंनी दोन नोबेल पारितोषिकांना एका झाकणात हरवले.


हातमाग_वडगाव (शनिवार, रात्री ८.१५)

आमच्या वडगावात मागाच्या सुताची कुसे वर्षभर उडत असल्याने मी तीन वर्षे लेव्होसेटिरिझिन अधूनमधून घेतो. पुढच्या महिन्यात त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करायची आहे आणि त्यांनी सात दिवस आधी गोळी बंद करायला सांगितले आहे. सरांच्या हिशेबाने ४० तासांत औषध संपते. मग सात दिवस शिंकत मागावर बसायला का सांगतात?


खल_बत्ता (शनिवार, रात्री ९.००)

कारण माझा हिशेब रक्ताचा होता आणि चाचणी त्वचेची आहे. रक्तातून औषध उतरले तरी त्वचेतल्या ग्राहकांना बिलगलेले रेणू आपली जागा सावकाश सोडतात, त्यामुळे टोचलेल्या जागी उठायला हवी ती गांधी दबून राहते आणि ॲलर्जी असूनही चाचणी कोरी दिसू शकते. अर्धायुष्य ८ तासांचे असूनही ही गोळी दिवसातून एकदाच पुरते, त्याचेही एक कारण हेच आहे. त्यांनी सांगितलेले सात दिवस पाळा.

वेदगंगेकाठचा यांच्या मेहुण्याचा प्रश्न राहिला होता. सेटिरिझिन जेवणानंतर घेतली तर एकूण शोषण कमी होत नाही, फक्त शिखरपातळी सुमारे पावणेदोन तास उशिरा येते आणि २३ टक्क्यांनी ठेंगणी राहते. शिंका तातडीने थांबवायच्या असतील तर रिकामे पोट थोडे बरे, एवढाच त्याचा अर्थ. लोरॅटाडिनचे तर जेवणाबरोबर शोषण वाढते. मेहुण्याला अर्धे गुण द्यावेत.


जांबोटीचा_पाऊस (रविवार, सकाळी ८.२५)

एक शंका. सर, तुम्ही म्हणता की यकृत लोरॅटाडिनचे डेसलोरॅटाडिन करते. पण माझ्या मिसेसच्या पट्टीवर सरळ “डेसलोरॅटाडिन ५ मिलिग्रॅम” असेच छापले आहे. म्हणजे कंपनीने गूळच विकायला काढला?


खल_बत्ता (रविवार, सकाळी ९.१०)

अगदी तेच, आणि हा एकटाच किस्सा नाही. खाजेवर पूर्वीपासून देतात त्या हायड्रॉक्सिझिनचे यकृतात जे रूपांतर होते तेच सेटिरिझिन. टर्फेनाडिनचे जे रूपांतर होते तेच फेक्सोफेनाडिन. आपण “औषध मोडले” म्हणतो तेव्हा दर वेळी ते कचऱ्यात जात नाही, कधीकधी मोडलेला तुकडाच मूळ मालापेक्षा सरस निघतो.

टर्फेनाडिनची गोष्ट तर नाक्याचे महत्त्व सांगणारी आहे. झोप न आणणारी गोळी म्हणून ती जगभर खपली. ती यकृतात इतकी झटपट बदलत असे की मूळ रूपात रक्तात जवळजवळ सापडतच नसे. पण काही रुग्ण तिच्यासोबत केटोकोनाझोल हे बुरशीवरचे औषध किंवा एरिथ्रोमायसिन घेत, ती सीवायपी ३ए४ ला अडवत, आणि नाक्यावरचा कर्मचारीच बांधून ठेवल्यावर न बदललेले टर्फेनाडिन थेट हृदयापर्यंत जाई. तिथे ते ठोक्यांची लय बिघडवत असे आणि त्यात माणसे दगावली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते मागे घेतले गेले, तोवर त्याचाच निर्धोक तुकडा, फेक्सोफेनाडिन, दुकानांत आला होता. म्हणून चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना सांगा, असा आग्रह धरतात.


वेदगंगेकाठचा (मंगळवार, रात्री ९.४५)

मंडळी, दोन गोष्टी कळल्या आहेत आणि दोन्हींत मी तोंडघशी पडलो आहे.

पहिली अशी की अक्कांची शंका खरी ठरली. काल आईची चंची झाडायला काढली तेव्हा सुपारीच्या खांडांखाली कागदात गुंडाळलेला पट्टीचा तुकडा मिळाला. त्यावरची बारीक अक्षरे मुलाने मोबाईलचा कॅमेरा मोठा करून वाचली : पॅरासिटामोल ५००, फिनाइलेफ्रिन १०, क्लोरफेनिरामिन मॅलिएट २ मिलिग्रॅम. त्या संध्याकाळी शेजारणीने ती दिली होती. आईचे स्पष्टीकरण असे की ती “सर्दीची” होती, मी विचारले होते “औषधाचे”. म्हणजे झोप आणणारे जुने रसायन आणि सेटिरिझिन, दोन्ही एकाच रात्री तिच्या पोटात होती.

दुसरी गोष्ट, सरांच्या सांगण्यावरून चिकोडीला तिची रक्ततपासणी केली. क्रिएटिनिन १.४ आले आणि ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती गाळतात त्याचा अंदाज, ३९. डॉक्टर म्हणाले की वयामुळे आणि रक्तदाबामुळे मूत्रपिंडे मंदावली आहेत, घाबरण्यासारखे नाही, पण सेटिरिझिन घ्यायचीच झाली तर ५ मिलिग्रॅमच द्या, आणि सर्दीच्या मिश्र गोळ्या घरातून काढून टाका. रक्तदाबाच्या माणसाला त्यातले फिनाइलेफ्रिनही नको, असे त्यांनी सांगितले.


अक्का_चिकोडी (मंगळवार, रात्री १०.००)

आईंना रागावू नका. त्यांनी उत्तर बरोबर दिले, प्रश्न आपला चुकला. इथून पुढे “काही घेतलेस का” असे न विचारता “आज तोंडात काय काय टाकलेस” असे विचारा.


जांबोटीचा_पाऊस (बुधवार, सकाळी ७.५०)

आमची आजी गांधींवर आमसूल भिजवून ते पाणी अंगाला चोळत असे. सर, आमसुलाचे अर्धायुष्य किती?


खल_बत्ता (बुधवार, सकाळी ८.३०)

आमसूल त्वचेवरच राहत असल्याने त्याला कुठलाच नाका लागत नाही, आणि थंड पाण्याचा गारवा खाजेला दिलासा देतो हे खरेच आहे. मात्र ओठ, जीभ सुजली किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर आमसूल नको आणि गोळीही नको, तडक रुग्णालय गाठावे, कारण तोंडाने घेतलेल्या गोळीचा परिणाम सुरू होण्याइतका वेळ तिथे हाताशी नसतो.


वेदगंगेकाठचा (बुधवार, सायंकाळी ७.२०)

शेवटचे विचारतो. दुकानातून “सेटिरिझिनची पाचची गोळी” मागून आणली, पट्टीवर लेव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम असे आहे. दुकानदार म्हणाला एकच आहे. आईला हीच देऊ ना?


खल_बत्ता (बुधवार, सायंकाळी ७.२६)

देऊ नका. सेटिरिझिन हे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रेणूंचे समसमान मिश्रण आहे आणि त्यातला काम करणारा रेणू म्हणजे लेव्होसेटिरिझिन. त्यामुळे लेव्होसेटिरिझिनचे ५ हे सेटिरिझिनच्या १० इतकेच झाले, मात्रा निम्मी झालीच नाही. शिवाय तेही सुमारे ८५ टक्के मूत्रपिंडावाटेच जाते. पट्टी परत करा आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून साधी सेटिरिझिन ५ मागा.


वेदगंगेकाठचा (बुधवार, सायंकाळी ७.३१)

दुकान आठपर्यंत उघडे असते. निघालो.